राजर्षी शाहू महाराज : शाळा, वसतिगृह आणि एक कप चहा

६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीत राजर्षी शाहू महाराजांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांना जाऊन शंभरहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्या मोर्चांत, विहारांत, लग्नपत्रिकांवर त्यांचे नाव आजही फुले आणि आंबेडकर या दोन नावांच्या मधोमध असते. पण खरे सांगायचे तर या तीन नावांपैकी आपल्या तरुणांना सर्वांत कमी माहिती असते ती या मधल्या नावाची. महात्मा फुल्यांचा वाडा आणि सावित्रीमाईंची शाळा ठाऊक असते. बाबासाहेबांचे तर जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत सारे पाठ असते. शाहू महाराजांविषयी विचारले की उत्तर येते, आरक्षणाचे जनक. त्यापुढे बहुतेकांची गाडी थांबते.

दरवर्षी जून-जुलैत आमच्यापैकी अनेक कार्यकर्त्यांचे फोन एकाच कारणासाठी वाजत असतात. मुलाला शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो, फी माफीचा फॉर्मही भरलेला असतो आणि बाप विचारत असतो, राहायचे कुठे? शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही, कॉट बेसिसचे भाडे परवडत नाही, खोली बघायला गेले की आडनाव विचारले जाते. हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका राजाला हाच प्रश्न पडला होता आणि त्याने त्याचे उत्तर शोधण्यात आपली सत्ता, पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लावली होती. म्हणून यंदा महाराजांचे स्मरण या प्रश्नाच्या अंगाने करावे असे आम्हाला वाटते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातले हे यशवंतराव. आबासाहेब घाटगे हे वडील, राधाबाई या आई. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता म्हणून १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि वयाच्या दहाव्या वर्षी यशवंत शाहू छत्रपती झाला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेजर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार त्यांच्या हाती आला तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते.

कारभार हाती आला, पण कारभारी कोण होते? संस्थानच्या प्रशासनात त्या वेळी ७१ अधिकारपदे होती. त्यांतल्या ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. उरलेल्या अकरांत बाकीचे सारे. गावपातळीवर कुलकर्णी, कचेरीत मामलेदार, दरबारात दिवाण, सगळीकडे लेखणी एकाच जातीच्या हातात. ज्या रयतेकडून सारा वसूल व्हायचा त्या रयतेतल्या कुणाला त्या साऱ्याची पावती वाचता येत नव्हती. तरुण राजाला पहिल्या दिवसापासून हे दिसत होते. पण दिसणे वेगळे आणि अंगाला भिडणे वेगळे.

ते भिडले १८९९ च्या कार्तिकात, पंचगंगेच्या घाटावर. महाराज स्नानाला गेले असताना पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे त्यांच्यासोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले. कारण विचारल्यावर कळले की भटजींच्या लेखी छत्रपती क्षत्रिय नव्हतेच. शूद्राला वेदमंत्र कसे चालतील? राज्याच्या मालकाला त्याच्याच पगारी पुरोहिताने त्याची पायरी दाखवली होती. यातून जे उभे राहिले ते वेदोक्त प्रकरण. राजोपाध्यांनी हट्ट सोडला नाही तेव्हा महाराजांनी त्यांची इनामे जप्त केली. पुण्याच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला, लोकमान्य टिळकांनीही राजोपाध्यांची बाजू घेतली, प्रकरण थेट इंग्रज सरकारपर्यंत गेले. शेवटी निकाल महाराजांच्या बाजूने लागला.

आपण बौद्ध आहोत. वेदोक्त मिळाले काय आणि पुराणोक्त मिळाले काय, आपल्याला त्याचे सोयरसुतक नाही. आमच्यातले काही अभ्यासू मित्र तर विचारतात, क्षत्रियत्व सिद्ध करण्यासाठी भांडणारा राजा जातिअंताचा नायक कसा? प्रश्न रास्त आहे. महाराजांची सुरुवात वर्णव्यवस्थेच्या आतच झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच अपमानातून ते कुठवर पोहोचले हे बघितले पाहिजे. मला राजा असून ही वागणूक मिळते, तर माझ्या राज्यातल्या महार-मांगांच्या वाट्याला काय येत असेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. अपमान झालेले राजे-महाराजे त्या काळात पुष्कळ होते. त्यातून खाली बघायला शिकलेले फार थोडे.

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले होते. तिथे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या गॅझेटात तो प्रसिद्ध हुकूम निघाला. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागास वर्गातल्या उमेदवारांना द्याव्यात. मागास म्हणजे कोण, हेही त्यात स्पष्ट केले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अशा पुढारलेल्या जाती सोडून बाकी सगळे. आपल्या भाषणांत हा हुकूम एवढ्यावरच संपतो, पण त्यातले पुढचे कलम आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी नव्या नेमणुकांचा तक्ता सादर करायचा होता. नुसता हुकूम काढला तर तो कपाटात जाईल हे महाराजांना पक्के माहीत होते. ज्यांनी अंमलबजावणी करायची तेच ती बुडवणार, म्हणून दर तिमाहीला हिशेब द्या. आज बॅकलॉगच्या जागांची माहिती मिळवण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या कार्यकर्त्यांना या कलमाची किंमत कळेल. १९१२ पर्यंत संस्थानातली अधिकारपदे ९५ झाली होती आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते.

पण राखून ठेवलेल्या जागा भरायच्या कुणी? उमेदवार हवा तर तो शिकलेला हवा. आणि खेड्यातला मुलगा शिकणार कसा? हायस्कूल आणि कॉलेज होते ते कोल्हापूर शहरात. शेतकऱ्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला शहरात आणून सोडले तरी रात्री तो झोपणार कुठे, जेवणार कुणाकडे? ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी माधुकरीची सोय होती, नातेवाईक होते, जातीची घरे होती. इतरांसाठी काही नव्हते, आणि अस्पृश्य मुलाला तर खाणावळीच्या पायरीवरही कुणी उभे केले नसते. शाळेचे दार उघडे असून चालत नाही, त्या दारापर्यंत पोचायला मुक्कामाची जागा आणि दोन वेळची भाकरी लागते, हे महाराजांना जितके नेमके कळले होते तितके त्या काळातल्या फार थोड्यांना कळले होते.

त्यांनी पहिला प्रयोग केला तो सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून ते सुरू झाले. व्यवस्था पाहणारे ब्राह्मण होते. बघता बघता तिथे ब्राह्मणेतर मुलगा औषधालाही उरला नाही. नियम सर्वांसाठी सारखा आणि प्रत्यक्षात प्रवेश एकाच जातीला, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. या फसलेल्या प्रयोगातून महाराज शिकले आणि त्यांनी वेगळा रस्ता धरला. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी वसतिगृह उभे करावे आणि संस्थानने जागा, इमारत, वार्षिक अनुदान देऊन त्याच्या पाठीशी उभे राहावे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुसलमान समाजासाठी, १९०७ मध्ये लिंगायतांसाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. इंग्रजी नाव असले की स्थानिक सनातन्यांना विरोध करताना दहा वेळा विचार करावा लागतो, हा हिशेब महाराजांनी केला नसेल असे आम्हाला वाटत नाही. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशा अनेक समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. ज्यांच्याशी वेदोक्ताचा लढा झाला त्या ब्राह्मणांच्या वसतिगृहांनाही महाराजांनी मदत नाकारली नाही. कोल्हापूरला वसतिगृहांचे माहेरघर म्हणू लागले ते यामुळे.

जातवार वसतिगृहांवर त्या वेळीही टीका झाली आणि आजही होते. यामुळे जात पक्की झाली नाही का? आमचे मत असे आहे की या टीकेत तथ्य आहे, पण टीका करणाऱ्यांनी १८९६ चे वसतिगृह विसरू नये. भरल्या ताटावर बसलेल्यांनी सर्वांना एकत्र जेवायला बोलावले आणि वाढपी आपलेच ठेवले, तर उपाशी माणूस उपाशीच राहतो. मराठा, जैन, लिंगायत मुलांना निदान छप्पर मिळाले. मिस क्लार्क बोर्डिंगमधून शिकलेली अस्पृश्य मुले पुढे शिक्षक, तलाठी, कारकून झाली. दुसरे असे की महाराजांचा मूळचा विचार वाया गेला नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन सगळी मुले एका पंगतीत जेवतील असे वसतिगृह सुरू केले. त्याला नाव दिले छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. ज्या प्रयोगात राजा हरला तो त्याच्या नावाने एका रयतेच्या माणसाने जिंकून दाखवला.

प्राथमिक शिक्षणाचा कायदा हा यापुढचा टप्पा. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक इंग्रजांच्या कायदेमंडळात मांडले होते, ते फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे शिक्षण संस्थानभर नेले होते, त्यांचा मान पहिला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची कमाई. गरिबावर हा जुलूम नव्हता का, असे कुणी विचारील. पण पोराला गुरांमागे पाठवले तर दिवसाला दोन पैसे सुटतात आणि शाळेत पाठवले तर काहीच सुटत नाही, हा त्या घरातला व्यवहार होता. महाराजांनी त्या व्यवहाराची दुसरी बाजू जड केली. भारताच्या संसदेने शिक्षण हक्क कायदा केला २००९ मध्ये. कोल्हापूरनंतर ९२ वर्षांनी.

शिक्षण सक्तीचे झाले, पण अस्पृश्यांची मुले बसायची वेगळ्या शाळेत. बाहेरून पाहिले तर यात वावगे काही दिसत नव्हते, शाळा तर होती. महाराजांनी ३० सप्टेंबर १९१९ ला हुकूम काढून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा दसऱ्यापासून बंद केल्या आणि त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत इतरांबरोबर घेण्याचे फर्मान सोडले. शिवाशिव न पाळता सर्वांना एकत्र बसवायचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांसाठीच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या १९५४ मध्ये. तो निकाल जगभर अभ्यासला जातो. कोल्हापूरचा पस्तीस वर्षे आधीचा हुकूम आपल्याच पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत उरकला जातो.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला आणखी काही हुकूम निघाले होते. सरकारी दवाखाने, शाळा, कचेऱ्या, पाणवठे, धर्मशाळा यांत अस्पृश्यांना इतरांसारखेच वागवायचे. दवाखान्यात रोग्याला हात न लावता दुरून औषध फेकणारे डॉक्टर आणि मुलाला वर्गाबाहेर बसवणारे मास्तर यांना उद्देशून महाराजांनी सांगितले की ज्याला हे पटत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. व्हॉट्सॲपवर महाराजांच्या नावाने पुष्कळ गोष्टी फिरतात, घोड्यांच्या, वाघांच्या, पैलवानांच्या. त्यांतल्या काही खऱ्या असतील, काही रचलेल्या. आमची तरुण मित्रांना विनंती आहे की गोष्टींपेक्षा महाराजांचे हुकूम वाचा. त्यांत गोलगोल भाषा नाही. काय करायचे, कधीपर्यंत करायचे आणि नाही केले तर काय होईल, तिन्ही गोष्टी एका कागदावर.

१९१८ हे वर्ष आपल्या समाजाच्या दृष्टीने फार मोलाचे. त्या वर्षी महाराजांनी महार वतन खालसा केले. आजच्या पिढीला वतन म्हणजे जमीन एवढेच वाटते. वतन म्हणजे थोड्याशा जमिनीच्या बदल्यात सबंध घराने पिढ्यान्‌पिढ्या गावकीची चाकरी करायची. सरकारी टपाल वाहायचे, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले जनावर ओढायचे, मध्यरात्री हाक आली तरी उठायचे. बाप आजारी असला की शाळेतले पोर त्याच्या जागी जायचे. म्हणजे कायद्याने शिक्षण सक्तीचे, पण वतनाने वेठ सक्तीची. वेठ सुटल्याशिवाय त्या पोराची हजेरी लागणार नव्हती. महाराजांनी वतनाच्या जमिनी रयतावा करून महारांच्या नावे केल्या आणि गावकीचे जोखड काढले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, त्यासाठी किती वर्षे झगडले, हे आपण जाणतो. महाराष्ट्रात ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले.

कुलकर्णी वतनही १९१८ मध्येच गेले आणि त्या जागी पगारी तलाठी आले. त्या तलाठ्यांत महार तरुणही नेमले गेले. ज्या गावात बाप वेसकर म्हणून दाराबाहेर उभा राहायचा त्या गावाचे दप्तर आता त्याच्या मुलासारख्याच एका पोराच्या हाती होते. गावाला हे सहज पचले नसणार. त्याच वर्षी महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागण्याची पद्धत महाराजांनी बंद केली. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला दुसऱ्या गावी कामाला, लग्नाला, मुलाच्या शाळेसाठी जाता येत नव्हते. शिकलेल्या अस्पृश्यांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा, आंतरजातीय विवाहाचा कायदा, स्त्रियांना घरात होणाऱ्या छळाविरुद्धचा कायदा, १९२० मधला देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा, यांतल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. आज तो मोह आवरतो.

कायद्याने शाळा मिळते, नोकरी मिळते. पण माणसाच्या हातचे पाणी प्यायला कायद्याने कुणाला लावता येत नाही. इथे महाराजांनी जे केले ती गंगाराम कांबळे यांची गोष्ट. गंगाराम महाराजांच्या पागेत चाकरीला होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला त्यांनी हात लावला म्हणून सोबतच्या नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराजांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना फोडून काढले. गंगारामांना त्यांनी नोकरीच्या जाचातून मोकळे केले आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी भांडवल दिले. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल टाकले. नाव ठेवले सत्यसुधारक.

हॉटेल निघाले, पण गिऱ्हाईक कुठून येणार? महाराच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. छत्रपती गंगारामांच्या हातचा चहा मागवत आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही देत. राजाने हातात दिलेला कप नाकारायची कुणाची छाती? सही घ्यायला येणाऱ्यांना महाराज आधी गंगारामच्या हॉटेलात चहा घ्यायला लावत, अशी आठवण कोल्हापुरात अजून सांगितली जाते. आम्हाला या प्रसंगात दिसते ते असे, की महाराजांनी गंगारामांना बक्षीस देऊन परत पागेत पाठवले नाही. त्यांना धंदा दिला, आणि धंदा चालण्याआड जी जात येत होती तिच्याशी रस्त्यात गाडी उभी करून सामना केला. समाजातल्या उद्योजक तरुणांना दुकानावर कुठले नाव लावू, असा प्रश्न आजही पडतो. कुणी निळा रंग टाळतो, कुणी आडनाव झाकतो. गंगारामांनी भर रस्त्यावर पाटी लावली होती.

आता बाबासाहेबांशी झालेली भेट. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेला एक अस्पृश्य तरुण आहे, हे महाराजांना दत्तोबा पवार यांच्याकडून कळले. महाराज स्वतः परळच्या चाळीत त्यांना भेटायला गेले. गादीवरचा राजा चाळीचा जिना चढून अस्पृश्याच्या खोलीत जातो, हे दृश्य नुसते डोळ्यांपुढे आणले तरी पुरे. बाबासाहेबांना पाक्षिक काढायचे होते. महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायकचा पहिला अंक निघाला. आपल्या पत्रकारितेची सुरुवात तिथून होते. या संकेतस्थळावर आम्ही जे चार शब्द लिहितो त्यांची मुळेही त्या अडीच हजारांपर्यंत जातात.

पुढे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला परिषद भरली. हे गाव तेव्हा कागल जहागिरीत होते, आज हातकणंगले तालुक्यात येते. अध्यक्ष होते बाबासाहेब. वय अठ्ठावीस. महाराज तिथे आले आणि जमलेल्या अस्पृश्य बांधवांना त्यांनी सांगितले की तुम्हाला तुमच्यातलाच पुढारी मिळाला आहे, तोच तुमचा उद्धार करील, आणि हा माणूस उद्या साऱ्या देशाचा पुढारी होईल. नेतृत्व आपल्या हाती ठेवून उपकार करणारे सुधारक त्या काळी बरेच होते. अस्पृश्यांनी सवर्ण पुढाऱ्यांच्या मागे जाऊ नये, आपल्यातला नेता निवडावा, असे एक राजा जाहीर सभेत सांगत होता. परिषदेनेही महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करण्याचा ठराव केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० मे ते १ जून १९२० या काळात नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. तिचे अध्यक्षपद महाराजांनी भूषवले आणि बाबासाहेब तिथे हजर होते. त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, तेव्हाही महाराजांनी मदत केली.

लंडनहून परतल्यावर बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत होते सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह. ते १९२५ मध्ये सुरू झाले. महाडच्या सत्याग्रहाच्या दोन वर्षे आधी. बाबासाहेबांनी तळ्याच्या आधी वसतिगृह का उघडले, याचा विचार आपण फारसा करत नाही. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबियाला गेलेल्या आणि बडोद्यात नोकरीसाठी परत आल्यावर पारशी धर्मशाळेतून हाकलून दिल्या गेलेल्या माणसाला डोक्यावरच्या छपराची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती.

महाराजांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते इंग्रजांशी जमवून घेऊन राज्य करत होते आणि स्वातंत्र्यलढ्याविषयी साशंक होते. सत्ता ज्यांच्या हाती जाणार ते कोण आहेत हे त्यांनी वेदोक्तात पाहिले होते, म्हणून ती शंका निराधार नव्हती. जातीपाती मानणारे नातलग आणि सरदार त्यांच्याभोवती शेवटपर्यंत होते. ते राजे होते, हुकूम काढू शकत होते, ही सोय फुल्यांना नव्हती, बाबासाहेबांनाही नव्हती. पण हुकूम काढू शकणारे या देशात त्या वेळी पाचशेहून अधिक संस्थानिक होते.

मे १९२२ मध्ये महाराज गेले. गादीवर राजाराम महाराज आले. कोल्हापुरात त्यांचे पुतळे, स्मारके, त्यांच्या नावाच्या संस्था पुढे झाल्या. पण त्यांचे पहिले स्मारक उभारले ते दरबाराने नाही आणि श्रीमंत संस्थांनीही नाही. महाराजांना जाऊन काही वर्षे होतात न होतात तोच गंगाराम कांबळे यांच्या पुढाकाराने कोल्हापुरातल्या अस्पृश्य समाजाने आपापसांत वर्गणी गोळा केली आणि नर्सरी बागेत, जिथे छत्रपती घराण्याच्या समाध्या आहेत, तिथे महाराजांचे स्मारक बांधले. कोल्हापूरला जाल तेव्हा अंबाबाईच्या देवळाकडे जाणारी गर्दी सोडून थोडे त्या बागेकडे वळा.